बँक आपली, मग ऊस मेव्हण्याच्या नावावर का?



दर वेळी या पानावर आम्ही बेणे, हुमणी, खोडव्याचे पाचट असल्या गोष्टी लिहितो. या खेपेस विषय बँकेचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने बँकेवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आडसाली नोंदींची फेरतपासणी करताना जे आमच्या हाती लागले, ते बँकेशी जाऊन भिडते. म्हणून हा खटाटोप.

झाले असे. एका गावी एका सभासदाच्या रानात दोन एकर ऊस उभा. झकास ऊस, कांड्या मोजाव्यात असा. आणि आमच्या रजिस्टरला त्याच्या नावे एक गुंठाही नोंद नाही. चिटबॉयला विचारले, तर तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, ती नोंद त्यांच्या मेव्हण्याच्या नावावर हाय." मेव्हण्याला त्या शिवारात पाय ठेवण्यापुरतीही जमीन नाही. सभासदास बांधावर गाठले. मनुष्य लबाड नव्हे, आम्ही त्यास पंधरा वर्षे ओळखतो. त्याने सरळच सांगितले, "माझ्या नावानं ऊस गेला की सोसायटीची कपात होती. पोराची फी भरायची हाय, मोटर जळली हाय. कपात झाल्यावर हातात काय उरतंय? आन् बँकेला काय फरक पडतोय दोन एकरानं?"

त्याच गावी, त्याच आठवड्यात, एक म्हाताऱ्या सभासद बाई आमच्याकडे आल्या. नवरा वारलेला, एक एकर खोडवा, दरसाल वेळच्या वेळी कर्ज फिटलेले. त्यांना नव्या लागणीला कर्ज हवे होते आणि ते मिळेना. सोसायटीची वसुली इतकी खाली गेलेली की जिल्हा बँकेने त्या सोसायटीला नवी रक्कम देताना हात आखडता घेतला. बाई म्हणाल्या, "माझं तर काहीच ऱ्हायलं नाही, मग मला का नाही?" आम्हाला धड उत्तर देता आले नाही. शेवटी त्यांनी गळ्यातले गहाण ठेवून बेणे घेतले.

दोन एकरांनी बँकेला फरक पडला की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. त्या बाईंना पडला, एवढे डोळ्यांनी पाहिले.

आता हा जो कपातीचा कागद आहे, तो म्हणजे कारखान्याने आणि बँकेने मिळून शेतकऱ्याच्या खिशात घातलेला हात आहे, असे पुष्कळ सभासद समजतात. चावडीवर, रसवंतीवर हेच ऐकू येते. खरा इतिहास याच्या उलट आहे. आणि त्या इतिहासात उसाचा भाग फार मोठा आहे, म्हणून तो सभासदांना ठाऊक असावा असे आम्हास वाटते.

१८७५ सालच्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगावी तेच झाले. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदावर होता. कर्जखते, रोखे बाहेर काढून त्यांच्या होळ्या केल्या. सरकारने चौकशी नेमली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, कोर्टाला सावकाराचे खाते तपासण्याची मुभा दिली. पण कायद्याने सावकार आवरला तरी पेरणीला पैसा कोठून येणार? तो प्रश्न तसाच राहिला. उलट सावकार अधिकच जपून पैसे देऊ लागला.

तशात १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती भागात आले. पाण्यामागे ऊस आला, तेव्हाचा पुंड्या ऊस. आणि ऊस म्हणजे खर्चाचे पीक, हे तुम्हास सांगावयास नको. बाजरीला बी आणि बैल असले की भागते. उसाला बेणे, पेंड, पाणीपट्टी, भांगलण, चरक, गुऱ्हाळ. वर्षभर नुसते घालत राहायचे आणि पैसा येणार गूळ विकल्यावर. कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षा ऊसवाला सावकाराच्या दारात जास्त वेळा जाई, हे त्यामागचे कारण.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावी पहिली संस्था निघाली. पुढे गावोगाव निघाल्या. पण अडचण अशी की सोसायटीचे सगळेच सभासद कर्ज मागणारे, ठेव ठेवणारा कोणी नाही. दहा रिकाम्या घागरी एकत्र आणल्या तरी पाणी कोठून यावे? यासाठी सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास या दोघांनी पुढाकार घेऊन १९११ साली मुंबईस बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक काढली. शहरातल्या शिलकीचा पैसा ठेवींच्या आणि कर्जरोख्यांच्या रूपाने गोळा करावयाचा आणि खेड्यातील सोसायट्यांना द्यावयाचा, असा तो बेत. हीच बँक पुढे प्रांतिक बँक, मग राज्य बँक झाली, आणि महाराष्ट्र झाल्यावर महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. वैकुंठभाई मेहता यांनी उमेदीची सुमारे पस्तीस वर्षे या एकाच बँकेच्या कारभारात घालवली. आजच्या काळात असा मनुष्य एका खुर्चीवर एवढा टिकला तर लोक संशयच घेतील, तो भाग वेगळा.

सभासदांनी लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की या मुंबईच्या बँकेने सुरुवातीच्या काळात ज्यांना हात दिला त्यांत नीरा कालव्यावरचे ऊस बागायतदार होते. बारामतीस तिची शाखा निघाली ती उसासाठी. तेव्हा "बँका शहरवाल्यांच्या, आपण नंतर घुसलो" असे जे बोलले जाते ते खरे नाही. या बँकेच्या पायात उसाचे पाचट आहे.

आणखी एक. त्या वेळी गावच्या सोसायटीत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे. म्हणजे काय, तर एकाने बुडवले तर बाकीच्यांनी आपापल्या जमीन-जुमल्यातून भरायचे. आज आपण जामीन राहायचे म्हटले तरी दोन दिवस घरी जेवण गोड लागत नाही. तेव्हा अख्खी सोसायटीच एकमेकांना जामीन. त्यामुळे कोणाचा ऊस कोणाच्या नावाने चालला आहे यावर गावाचा डोळा असे. बँकेचा साहेब यायची गरज पडत नसे.

हे सगळे सुरळीत चालले असे मात्र नव्हे. १९२९ नंतर जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, गूळही त्यात आला. सोसायट्यांची थकबाकी फुगली, कित्येक बंद पडल्या. कर्ज देणे सोपे, पण माल पडत्या भावात गेला तर वसुली कशातून करावयाची, हा धडा त्या वेळी मिळाला.

पुढचा धागा लोणीकडे जातो. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव कारखान्यामुळे घराघरात गेले. पण त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली ती १९२३ साली, आणि प्रवरेचा पहिला गळीत हंगाम लागला १९५० च्या डिसेंबरअखेर. मधली सत्तावीस वर्षे मोजा. आधी गावात कर्ज घेऊन कर्ज फेडण्याची सवय लागली, मग धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्री अध्यक्ष म्हणून बरोबर आला, मग सरकारी भांडवल आले. सहकार आणि अर्थ खाते त्या सुमारास वैकुंठभाईंकडेच होते. आज आपण चिमणी पाहतो, बॉयलर पाहतो. त्याखाली गाडलेली पतपेढी दिसत नाही.

त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली. वर्ष होते १९५१-५२. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपये कर्जात सहकाराचा वाटा भरला तीन रुपये दहा पैसे. सावकारांचा, म्हणजे धंदेवाईक आणि शेती करणारे सावकार धरून, जवळजवळ सत्तर रुपये. पन्नास वर्षे सहकाराचा डांगोरा पिटल्यावर ही गत! समितीवर गाडगीळ होते. १९५४ साली अहवाल आला. त्यातील एक शिफारस आपल्या कपातीच्या कागदाची आजी म्हणता येईल: कर्ज आणि मालाची विक्री यांची सांगड घाला. शेतकऱ्याने ज्या पिकासाठी कर्ज घेतले, ते पीक ज्या संस्थेत जाते तिथेच वसुली व्हावी. दारात वसुलीवाला नको, जप्ती नको, भांडी बाहेर काढणे नको. पुढे महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात कलम ४८ अ आले. सभासदाने सोसायटीला करार लिहून द्यायचा आणि मालाच्या किमतीतून सोसायटीचे येणे वळते व्हायचे.

ही सांगड इतर पिकांत फारशी बसली नाही. कांदा कोठेही विकता येतो, कापूस व्यापारी बांधावरून उचलतो. ऊस मात्र तोडला की कारखान्यातच यावा लागतो. त्यामुळे उसाच्या पट्ट्यात जिल्हा बँकांची वसुली होत गेली, वसुली होते म्हणून ठेवी आल्या, ठेवी आल्या म्हणून शाखा निघाल्या. कोरडवाहू आणि विदर्भातील काही जिल्हा बँका पुढे पुरत्या अडचणीत आल्या, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध त्यांच्यावर पडले. आमच्या मते या फरकाचे एक मोठे कारण वजनकाट्यावरची कपात हे आहे. पाऊस, भाव, कारभार ही कारणे आहेतच. पण काट्यावरची कपात नसती तर आपली जिल्हा बँकही त्याच रांगेत दिसली असती.

आणि आता ती गोष्ट, जी सभासदांच्या सहसा ध्यानात येत नाही. ऊस गेल्यावर पहिला हप्ता तुम्हाला मिळतो तो साखर विकून आलेला असतो का? साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते. गोदामात पोती रचली जातात, बँक त्या पोत्यांवर मालतारण उचल देते, आणि त्या उचलीतून तुमचे बिल निघते. म्हणजे एका हाताने बँकेच्या पैशातून हप्ता घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने मेव्हण्याचे नाव पुढे करून त्याच साखळीतल्या सोसायटीला चुकवायचे. रागावू नका, पण हिशेब असाच आहे.

आता दुसरी बाजू. ती न लिहिली तर हे पान म्हणजे साहेबांनी सभासदांना दिलेले व्याख्यान होईल.

राज्य बँक अडचणीत आली ती दोन एकरवाल्या शेतकऱ्यामुळे नव्हे. २०११ साली रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून तिचे संचालक मंडळ दूर झाले, प्रशासक आले. मोठमोठी कर्जे थकली होती, त्यांत साखर कारखान्यांची कर्जे होती, आणि वसुलीसाठी कारखाने विकण्याची पाळी आली. आम्ही नोकरमाणसे; आम्ही यावर फार बोलू नये अशी रीत आहे. पण सभासद जेव्हा विचारतो, "मोठ्यांचं बुडलं ते चाललं, माझे दोन एकरच का दिसले?" तेव्हा त्याला गप्प बसवणे आम्हाला जमत नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याने काढलेला मार्ग शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या गळ्याशी येतो, मोठ्यांच्या नव्हे.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा तर गळीत नुकते सुरू झालेले. चारच दिवसांत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. इतर बँकांत रांगा, आणि आपली बँक दार उघडे असून बंद. टोळ्यांना खर्ची द्यायला नोटा नाहीत. स्वीकारलेल्या जुन्या नोटा कित्येक महिने तिजोरीत पडून राहिल्या. त्या वेळी सभासद बँकेवर चिडले. बँकेचा त्यात काय दोष होता, हे आजही आम्हास उमगलेले नाही.

कर्जमाफ्यांचे तसेच. २००८, २०१७, २०१९. दुष्काळात होरपळलेल्याला त्यांनी हात दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वेळेवर फेडणारा प्रत्येक वेळी वेडा ठरला. पुढे २०२२ साली नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळाले खरे, पण तोवर "थांबा, माफी येतीय" हे वाक्य पारावर पक्के होऊन बसले होते.

आणि एक तक्रार आमची स्वतःची, शेतकी खात्याची. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते, तोड येते पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात. सोळा-सतरा महिने. केंद्राच्या योजनेत पीक कर्जावरची व्याजाची सवलत मिळते ती जास्तीत जास्त एक वर्ष. २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला व्याज शून्य टक्के पडते, पण आडसालीवाल्याचा ऊस मुदतीला रानातच उभा असतो! मग तो काय करतो? चार दिवसांसाठी कोठून तरी पैसे आणतो, सोसायटीत भरतो, आणि नवे कर्ज उचलून ते परत करतो. याला आपण नवे-जुने म्हणतो. त्या चार दिवसांचे खासगी व्याज जे जाते ते कोणत्याच पुस्तकात दिसत नाही. उसाचे वय कृषी पदविका घेतलेल्या पोरालाही ठाऊक असते. ते कर्जाचे नियम करणाऱ्यांना कळू नये याचे नवल वाटते. जिल्हा बँकेच्या सभेत आपल्या प्रतिनिधींनी ही गोष्ट लावून धरावी, आडसालीची मुदत तोडीशी जोडून मागावी.

कारखान्याकडेही बोट जाते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावयाचे, न दिल्यास पंधरा टक्के व्याज. बिल लांबले की कपातही लांबते, आणि सभासदाचा दोष नसता तो सोसायटीत थकबाकीदार दिसतो. आपल्या कारखान्यानेही सर्वच हंगामांत तारीख पाळली असे आम्ही म्हणणार नाही.

बोट आमच्याकडेही वळते. मेव्हण्याच्या नावाची नोंद आमच्याच माणसाने घेतली. सात-बारा पाहिला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले. ऊस शेजारच्या कारखान्याला जाण्यापेक्षा कोणाच्याही नावाने येवो पण इकडे येवो, असा विचार शेतकी ऑफिसात चालतो, चालत आलेला आहे. आम्हीही तो केलेला आहे.

म्हणून यंदा एवढे ठरविले आहे. लागण नोंद घेताना सात-बारा आणि पीक पाहणी पाहिल्याशिवाय नोंद धरली जाणार नाही. ज्याचे रान त्याचेच नाव. वाट्याने किंवा खंडाने केलेल्या उसाला तसा लेखी कागद जोडावा. ज्यांच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर आहेत त्यांनी तोडणी कार्यक्रम लागण्यापूर्वी गट ऑफिसात येऊन दुरुस्त करून घ्याव्यात. मागचे उकरून काढले जाणार नाही. ज्यांना एकदम पूर्ण कपात झेपत नाही त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला घेऊन यावे. पहिल्या हप्त्यातून किती आणि पुढच्यातून किती वळते करावयाचे, ते सोसायटीच्या संमतीने लिहून घेता येते का ते पाहू. सरसकट होईल असे आश्वासन देत नाही.

तो सभासद परवा आला होता. नोंद स्वतःच्या नावावर करून गेला. जाताना म्हणाला, "साहेब, माझी केली. आता वरच्यांची पण करा." त्या म्हाताऱ्या बाईंचे कर्ज अजून मंजूर नाही. येत्या मासिक सभेला सोसायटीच्या चेअरमनसमोर तो विषय निघणार आहे, आम्ही हजर राहणार आहोत.